बोला, कोण घाबरलंय?

मगदूम मॅडमना फोन लावला की त्या कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोला, कोण घाबरलंय?’ असंच म्हणत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस गडबडून जायचा. चुकीचा नंबर लागला म्हणून घाईनं फोन ठेवणारेही असायचे. मॅडमचं म्हणणं असं, की शरीररचना शिकवणाऱ्या बाईला लग्नाचं आमंत्रण द्यायला कोण फोन करणार? जे करतात ते सोनोग्राफीचा कागद हातात धरून, घराच्या मागच्या बाजूला जाऊन, हळू आवाजात करतात. मग आधीच विचारलेलं बरं, निदान त्यांचा सुरुवातीचा वेळ वाचतो.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर बातमी आली. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मला काही टाकता आलं नाही. आज मी कोरेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करते, चार गावच्या बायका माझ्याकडं तपासायला येतात आणि मी त्यांच्या पोटावर हात ठेवते. तो हात थरथरत नाही याचं श्रेय ज्यांना जातं त्यांच्यात मॅडम पहिल्या. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

आमची वस्ती म्हसवडच्या पुढं, माळावर. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरंच होती, आता थोडं डाळिंब आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. सांगलीला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा आईनं एक ट्रंक आणि दोन चादरी दिल्या आणि सांगितलं, ‘कुणी काय बोललं तर गप बसायचं.’ मी गप बसत होते. वर्गात मगदूम मॅडम आल्या, हजेरीचा कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येकीला गाव विचारलं. तेव्हापासून आम्हाला नावं राहिली नाहीत. मी ‘म्हसवड’ झाले. माझ्या शेजारी ‘कवठेमहांकाळ’ बसायची, तिच्या पुढं ‘उंब्रज’. ‘अगं उंब्रज, झोपलीस काय? म्हसवड, तिला चिमटा काढ बघू,’ असा त्यांचा वर्ग चालायचा.

मॅडम बुटक्या होत्या, अंगानं रुंद. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा. पर्समध्ये भडंगाचा स्टीलचा डबा कायम. बोलण्यात मिरजेच्या पलीकडच्या सीमेवरच्या गावाची लकब होती. राग आला की ‘अय्यो’ म्हणून सुरुवात व्हायची आणि मग ऐकणाऱ्याची धडगत नसायची. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, ‘सवड झाली नाही बघ.’

त्यांच्या ताब्यात एक खोली होती. कॉलेजात तिला म्युझियम म्हणत. भिंतीला लागून लाकडी मांडण्या आणि त्यांवर काचेच्या मोठ्या बरण्या. बरण्यांत जन्माआधीच किंवा जन्मताच गेलेली बाळं होती, कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाच्या पाठीवर गाठ, कुणाच्या दोन पायांना मिळून एकच पाऊल. पहिल्या वर्षी आम्हाला तिथं नेलं तेव्हा दाराशीच माझे पाय थांबले. आमच्याकडं रानात काही विचित्र कोकरू जन्मलं तर आजी ते कुणाला दिसू न देता लांब नेऊन पुरायची, आणि आठवडाभर त्या वाटेनं कुणी जायचं नाही. इथं तर खोली भरून होतं. ‘कवठेमहांकाळ’ माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की नंतर वळ दिसले.

मॅडमनी कुलूप काढलं आणि दारावर टकटक केली. मुली हसल्या.

‘हसताय काय? कुणाच्या घरात जाताना कडी वाजवता का नाही?’

आत गेल्यावर एकीनं गुपचूप मोबाइल वर केला. मॅडमनी तो तिच्या हातातून काढून घेतला. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

‘या बाळाची आई आज जिवंत आहे. आत्ता या वेळेला मार्केट यार्डात कांदा निवडत असंल. तिला न विचारता तू त्याचा फोटो काढणार होय गं?’

त्या खोलीत काही शब्दांना बंदी होती. ‘शाप’ नाही, ‘पाप’ नाही, ‘भयानक’ नाही. ‘कसंतरीच होतंय’ म्हटलेलं चालायचं, कारण ते आपल्याविषयी आहे, असं त्या म्हणत.

मग त्यांनी आम्हाला मडक्यांची गोष्ट सांगितली. त्यांचं लहानपण कुंभार गल्लीच्या शेजारी गेलं होतं. ‘मडकं बिघडतं कसं, सांगा. एक तर चाकावर असतानाच चुकतं. काठ जुळतच नाही. हा ओठ बघा, ही पाठ बघा, हे तसलं. मूळ घडणच अर्धी राहिली. दुसरं मडकं घडतं झकास, पण ओलं असताना शेजारच्याचा दाब बसतो आणि वाकतं. पिशवीत पाणी कमी असलं, जागा अपुरी पडली, की बाळाचं पाऊल असं आत वळतं. ते बरंचसं सरळ करता येतं. तिसरं घडलेलं असतं, पण मधेच कुणाचा तरी धक्का लागतो आणि तुकडा उडतो. पिशवीच्या पडद्याचा धागा सुटतो, बोटाला गुंडाळतो, बोट जातं. आणि चौथ्याचा आकार ठीक, पण मातीच खडेरी. हाडंच कच्ची, कातडीच कच्ची. आता या चौघांना एकच नाव देऊन ठेवलंत तर कुंभार काय शिकेल? मडक्याला आधी विचारायचं, बाबा, तू कधी बिघडलास?’

कारणं त्या बोटांवर मोजत. करंगळीला गुणसूत्रं आणि जनुकं, नात्यातलं लग्न त्यातच. अनामिकेला आईचा आजार, म्हणजे ताब्यात नसलेली साखर, जर्मन गोवर. मधल्या बोटाला औषधं, दारू, क्ष-किरण. तर्जनीला पोषण, फॉलिक ॲसिडची गोळी न मिळणं. मग अंगठा वर करायच्या. ‘आणि हा अंगठा म्हणजे ‘माहीत नाही’. सगळ्यात जाड हाच आहे. बहुतेक वेळा याच्यापाशीच येऊन थांबावं लागतं. पण नर्सबाईंची जीभ हे म्हणायला वळत नाही. मग ती कायतरी ठोकून देते आणि त्या आईचा जन्म जातो.’

फॉलिक ॲसिडवर त्या फार चिडायच्या. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीतून होतो ती नळी पहिल्या महिन्यातच मिटते, बाईला पाळी चुकल्याचं नीट कळेपर्यंत काम उरकलेलं असतं. आणि आपल्याकडं तर तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचंच नाही, दृष्ट लागते. ‘तिसऱ्या महिन्यात गोळी देणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. गोळी लग्नानंतर लगेच सुरू करा. लाजू नका. लाजता तुम्ही आणि भोगतं ते बाळ.’

मॅडम सगळे वाद जिंकायच्या असं मात्र नाही. एकदा प्रसूतीच्या वॉर्डात आमची ड्युटी असताना वरचा ओठ दुभंगलेलं बाळ जन्मलं. आई कोपऱ्याकडं तोंड करून पडली होती आणि तिची सासू सगळ्या वॉर्डाला ऐकवत होती, ‘गिराणात इळीवर बसू नगं म्हणून सांगिटलं हुतं. वांगी चिरली हिनं, वांगी!’

कुणीतरी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि सासूबाईंसमोर बसल्या.

‘मावशी, ग्रहण कितव्या महिन्यात लागलं हिला?’

‘सहाव्या.’

‘आवं, ओठ तर दुसऱ्या महिन्यात जुळून होतो. तीन तुकडे येतात आणि मध्ये जोडतात. सहाव्यात वांगी चिरली म्हणून तो परत कसा उसवंल?’

सासूबाईंनी विचार केला. आम्हाला वाटलं, झालं, पटलं. त्या म्हणाल्या, ‘मग दुसऱ्या महिन्यात काय चिरलं असंल तिनं!’

वॉर्डातल्या पलंगावरच्या बायका हसल्या. मॅडमही हसल्या, पोट धरून हसल्या. ‘हरले बघा मावशी तुमच्यापुढं. बरं, ते राहू द्या. हा उपाशी आहे. याला ओढता येत नाही. वाटी-चमच्यानं पाजायचं तुम्ही शिकाल का? पोरीचं टाकं दुखतंय, तिला जमणार नाही.’ आणि बाळ त्या सासूच्याच मांडीवर ठेवलं, डोकं कसं उंच धरायचं ते दाखवलं. ओठ शिवून मिळतो, कुठं जायचं, केव्हा जायचं हे पाजता पाजता सांगितलं. तासाभरानं ती म्हातारी आम्हालाच दरडावत होती, ‘आगं हळू बोला, गिळतंय त्ये.’

हे सगळं मी कॉलेजात पाहत होते तेव्हा मला ते दुसऱ्यांचं वाटायचं. मग ते आमच्या घरात आलं.

माझ्या थोरल्या भावाची बायको शालन. ती माझ्या मामाचीच मुलगी. आमच्याकडं मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क, त्यामुळं लग्न ठरवावं लागलंच नाही. भाऊ फौजेत, वर्षातून दोनदा येणारा. शालनला लहानपणापासून फिट यायच्या. गोळी चालू होती. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरात आईला आणि मला. तिचं पहिलं बाळंतपण म्हसवडच्या पुढं तालुक्याला झालं, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. बाळाच्या डोक्याचा वरचा भाग बनलाच नव्हता. तासाभरात गेलं. शालनला दाखवलं नाही. आईनं ते कापडात गुंडाळून नेलं आणि परत येऊन चुलीपुढं बसली. त्यानंतर आमच्या घरात त्या बाळाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं की फिटच्या काही गोळ्यांनी असा धोका वाढतो, पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधी या, गोळी बदलू, जोडीला फॉलिक ॲसिडची सुरू करू. पण ‘आम्हाला मूल हवंय’ हे दिवस राहायच्या आधी डॉक्टरला जाऊन सांगणारं आमच्या वस्तीवर कोण आहे? पुढं मी नोकरीला लागले, फोनवर दोनदा विचारलं, शालन ‘बघू की’ म्हणाली. तिच्या मनात एवढंच बसलं होतं की गोळीनं झालं. दोन वर्षांनी पाळी चुकली तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही आणि फिटची गोळी आपल्या मनानं बंद केली. तीन महिने होत आले. एके दिवशी सकाळी डाळिंबाच्या बागेत, शेततळ्याच्या काठावर तिला फिट आली. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, त्यावर पाय ठरत नाही. आईच्या हातात तिचा पदर आला म्हणून ती वर राहिली.

आईचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात होते. आई रडत नव्हती, नुसतं ‘सुमे, सुमे’ म्हणत होती. एवढी शिकलेली मी, पण त्या क्षणी मला काही सुचेना. मी मॅडमना फोन लावला.

‘बोला, कोण घाबरलंय?’

‘मी, मॅडम. म्हसवड. वहिनीला फिट आलीय.’

‘श्वास घेतीय का? कुशीवर आहे? तोंडात चमचा-बिमचा घातला नाही ना कुणी?’

‘आईनं कांदा हुंगवलाय.’

‘कांदा राहू दे गं. जवळच्या दवाखान्यात हलवा आधी. शुद्धीवर आली की तिथून मला फोन कर.’

दोन दिवसांनी शालनला सांगलीला आणलं. आई सोबत होती, मी साताऱ्याहून कराडमार्गे पोचले, मॅडम आधीच दवाखान्यात येऊन थांबल्या होत्या. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून गोळी बदलून सुरू केली आणि कितीही भीती वाटली तरी ती मनानं बंद करायची नाही, हे आईकडून वदवून घेतलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टर म्हणाल्या, डोक्याची कवटी दिसतेय. पाठीचा कणा मात्र एवढ्यात नीट कळणार नाही, पाचव्या महिन्यात या. आईनं हात जोडले. मी मॅडमकडं पाहिलं. त्या जिन्याकडं बघत होत्या.

‘मॅडम, आता आपण काय करायचं?’

‘नळी मिटायची असंल तर मिटली, नसंल तर नाही. आता करण्यासारखं कमी आणि थांबण्यासारखं जास्त आहे.’ मग म्हणाल्या, ‘मामाची मुलगी ना? माझे आई-वडील मामा-भाची. मला एक धाकटा भाऊ होता. मी सात वर्षांची होते.’ आणि त्या जिना उतरायला लागल्या. नातं जवळचं असलं की धोका वाढतो, पण प्रत्येक वेळी होतंच असं नाही, हे वाक्य त्या वर्गात दरवर्षी का इतकं सावकाश म्हणत, ते मला तेव्हा समजलं.

ते दोन महिने मला आठवायला नको वाटतात. उपकेंद्रात दुसऱ्या बायकांच्या पोटातले ठोके ऐकताना मला शालनच्या बाळाची पाठ दिसायची, कधी बंद, कधी उघडी. भाऊ सीमेवरून व्हिडिओ कॉल करायचा आणि नुसता बघत राहायचा. आई रोज सिद्धनाथाला नारळ बोलायची. शालन मात्र शांत होती, आणि तिच्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटत होती.

पाचव्या महिन्यात ठरल्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. नंबर लावला, पुढं बरीच माणसं होती. आई पिशव्या धरून बाकावर बसली. मॅडम आम्हा दोघींना चहाला म्हणून त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या, त्याच आवारात. शालन चहाचा कप हातात धरून बसली. मग एकदम म्हणाली, ‘मॅडम, सुमी सांगत हुती तुमच्याकडं बरण्या हाईत.’

‘आहेत.’

‘त्यात माझं हाय का?’

मॅडमनी कप खाली ठेवला.

‘नाही गं बाई. तुझं तुमच्याच रानात आहे. तुझ्या सासूनं नेलंय.’

‘मला कुणी दाखवलं न्हाई. मी डोळं मिटलं की रोज येगळंच दिसतंय. कवा तोंडच नसतंय, कवा जनावरागत असतंय. तसलं येखादं आसंल तर मला दाखवा.’

आमच्याकडं पोटुशी बाईनं काय पाहावं, काय पाहू नये याचे नियम आहेत. सर्कशीतलं माकडसुद्धा पाहायचं नाही, पोर तसं होतं म्हणतात. अशा वेळी बरणी! मी मान हलवून ‘नको’ म्हणत होते. आणि मॅडम, ज्या ग्रहणाच्या गोष्टीवर पोट धरून हसल्या होत्या, त्या पांढऱ्या पडल्या होत्या.

‘शालन, ऐक. बघितल्यानं बाळाला काही होत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण आज आत काही निघालं, तर तुमच्या घरात कुणी मशीनला बोलणार नाही, गोळीला बोलणार नाही. तू बघितलंस म्हणून झालं म्हणतील. जन्मभर म्हणतील. बाळंत झाल्यावर ये, मी स्वतः दाखवीन.’

‘आन तवर?’ शालन म्हणाली. ‘तवर मी रोज रात्री बघतीयाच की.’

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. चष्मा पुसला. आयुष्यभर त्या खोलीची किल्ली सांभाळलेल्या बाईला ती पर्समध्ये सापडत नव्हती. शेवटी मीच काढून दिली.

आत त्यांनी शालनला हाताला धरून नेलं आणि एका बरणीसमोर उभं केलं. मी दारातच थांबले. शालन काचेच्या जवळ वाकली.

‘तोंड हाय की.’

‘आहे ना. नाक, ओठ, हनुवटी, सगळं आहे. फक्त वरचं झाकण नाही झालं.’

‘मला वाटलं…’ ती थांबली. ‘झोपल्यागत हाय.’ आणि थोड्या वेळानं, ‘माझ्या गोळ्यांनी झालं का ओ ते?’

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘गोळीनं झालं असंल. नात्यामुळं असंल. दोन्हींमुळं नसंलही. खरं सांगू? मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नको. पण ती गोळी तू घेत होतीस म्हणून तू जिवंत राहिलीस. ती बंद केलीस तेव्हा तळ्यापर्यंत गेलीस. हे मात्र मला माहीत आहे.’

शालन रडली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला रडताना मी पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच असावं.

नंबर आला तेव्हा शालनबरोबर आत फक्त मला सोडलं. दार बंद होताना मला दिसलं, मॅडम आईच्या शेजारी बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या, जणू कुणी उठवायच्या आधीच उठायला तयार. आई त्यांना डाळिंबाचा भाव सांगत होती आणि त्या ‘होय का, होय का’ म्हणत होत्या.

डॉक्टर बोलत नव्हत्या. पडद्यावर राखाडी धूर हलत होता. अशा वेळी न बोलणारा डॉक्टर किती भीती घालतो हे मी टेबलाच्या या बाजूनं कधी अनुभवलं नव्हतं. शालनचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी माझी उडतेय की तिची, ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग बोट पडद्यावर ठेवून वरून खाली आणलं. मण्यांची दुहेरी ओळ होती, खालपर्यंत.

‘कणा बंद आहे. डोकं ठीक आहे. हृदयाचे चारही कप्पे दिसतायत. जेवढं दिसतंय तेवढं चांगलं आहे.’

मी बाहेर येऊन तेच शब्द तसेच्या तसे सांगितले. आईनं तिथंच जमिनीला हात लावून कपाळाला लावला. ‘म्हंजे समदं चांगलं हाय ना, मॅडम?’

मॅडमनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं असावं. पण म्हणाल्या, ‘जेवढं दिसतंय तेवढं.’

आम्ही फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या टपरीवर आलो. मॅडमना मी पाहिलं ते तिथं शेवटचं. पुढं शालनला धडधाकट मुलगी झाली तेव्हा त्या निवृत्त होऊन सीमेवरच्या त्यांच्या गावी, थोरल्या भावाच्या मुलांकडं राहायला गेल्या होत्या. बोलणं झालं ते फोनवर.

टपरीवर आई मोकळी झाली होती. ‘देवानं बगितलं,’ पुन्हा पुन्हा म्हणत होती. शालननं बशीत चहा ओतला आणि बशीकडंच बघत म्हणाली, ‘आत्या, मी आज बगितलं.’

‘काय गं?’

‘आपल्या पयल्यागत. बरणीतलं.’

आईचा हात थांबला. मला वाटलं, आता सगळं विस्कटणार. नारळ, नवस, पडद्यावरची मण्यांची ओळ, सगळं एका क्षणात पुसलं जाणार आणि उरलेले चार महिने शालनला घरात तोंड लपवायला जागा राहणार नाही.

‘कुणी दावलं?’

‘मी,’ मॅडम म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, शालनला तोंड उघडू दिलं नाही. ‘ती मागत होती, पण दाखवलं मी. काय बोलायचं ते मला बोला.’

आई मॅडमकडं बघत राहिली. टपरीवाल्याचा स्टोव्ह घोंगावत होता. शेजारी दोन पोरं क्रिकेटवर भांडत होती. आई कुणावर ओरडली की आधी तिचे ओठ घट्ट मिटतात, ते मिटले. मग सुटले.

‘तिला तिकडं कशाला न्यायचं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘मला इचारायचं. मीच गुंडाळलं हुतं की त्याला.’

‘तू कवा बोललीस, आत्या?’

‘काय बोलू? तू इचारलं असतंस तर बोलले असते. तू इचारलं न्हाईस. मला वाटलं, तुला नगं हाय.’

‘मला वाटलं, तुमालाच नगं हाय.’

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली, इतक्या हळू की मलाही पुढं वाकावं लागलं. ‘पायाची बोटं आन्नागत हुती. तुज्या बाऽगत. अंगठ्याशेजारचं बोट लांब. आमच्या अक्ख्या घरात तसं हाय. मी पाय झाकलंच न्हाईत लवकर. धरून बसले हुते. गार पडस्तवर…’

मॅडम उठल्या. पर्स काखेत मारली. मी उठायला लागले तसा त्यांनी तळवा खाली दाबून दाखवला, बस. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या होत्या. ती बुटकी, रुंद बाई हात वर करून एका रिक्षाला थांबवत पलीकडं गेली. फाटकातून आत शिरताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. इकडं शालन विचारत होती, ‘आन केस, आत्या? कानामागं केस हुतं का?’ आणि आई तिला सांगत होती.